भाकरी का?

आमच्या प्रयोगशाळेने मिरगीचा झटका ओळखणारा स्वस्तातला मनगटी पट्टा बनवला, तेव्हा पहिल्या काही पट्ट्यांपैकी एक मी अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीतल्या प्रणिताला दिला. हात एका लयीत हिसके देऊ लागला की घरच्यांच्या फोनवर भोंगा वाजायचा. कोणी 'ठीक आहे' दाबेपर्यंत थांबायचा नाही.

चालणं, लिहिणं, दात घासणं, टाळ्या वाजवणं, सगळं आम्ही तपासलं होतं. भाकरी थापणं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. प्रणिताकडे ज्वारी नांदेडहून येते, आणि आई गेल्यापासून भाकऱ्या तीच करते, खाली बसून, शेगडी समोर घेऊन. पहिल्याच दिवशी पिठावर हात पडला आणि भोंगा सुरू झाला.

"पट्टा काढून थाप की," तिचे वडील तातेराव म्हणाले.

"विस्तवापाशीच तर भीती आहे, अप्पा."

दुरुस्तीला वेळ लागेल, असं मी सांगितलं. तोवर बापलेकीने आपला मार्ग काढला. भोंगा वाजला की तातेराव बाहेरच्या खोलीतून ओरडत, "भाकरी का?"

"हौ, भाकरी!" मग ते बटण दाबत. कधी ती म्हणे, "नाही, नाचतेय!"

त्या रविवारी मुलाकडचे बघायला येणार होते. सकाळीच तातेराव म्हणाले, "ते बसतील तेवढा वेळ पट्टा कपाटात ठेव. लोकांना कायकू दाखवायचं?"

प्रणिताने अबोला धरला.

पाहुणे यायच्या आधी भोंगा वाजला. "भाकरी का?" उत्तर आलं नाही. अजून रुसलीय, असं समजून त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. तेव्हाही ते बसल्या जागेवरून म्हणाले, "राग तव्यावर काढू नको गं."

ती तव्यावर पालथी पडली होती, उजवा हात अंगाखाली.

दवाखान्याच्या जिन्यात तातेरावांनी मला थांबवलं. "तिला सांग, पट्टा वाजलाच नाही. मशीन आहे, बिघडतं."

"काका, मग ती पुन्हा घालणारच नाही. पुढच्या झटक्याला काय करायचं?"



वॉर्डात प्रणिताने आधी तेच विचारलं. "ताई, वाजला होता का?"

"वाजला होता."

तिने बापाकडे पाहिलं. "तुम्ही कुठं होता?"

"घरीच," तातेराव म्हणाले. "मला वाटलं..."

"माहीत आहे काय वाटलं."

नर्स सलाईन बदलून गेली. मग प्रणिताने डावा हात पुढे केला.

"आता ह्याला बांध, ताई. आणि अप्पांचा फोन नको. शेजारच्या त्रिवेणी आंटींचा जोड."

माझ्याकडे आंटींचा नंबर नव्हता. तातेरावांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचून दाखवला.