आस्टा काय खाते?

श्यामकांत फ्रँकफर्टला पीएचडी करत होता आणि केम्पर नावाच्या पोलिसाच्या घरी भाड्याने राहत होता. केम्परची पोलिसी कुत्री आस्टा सात वर्षं त्याच घरात, स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी झोपत आली होती. १९६१ च्या हिवाळ्यात केम्पर पाय मोडून इस्पितळात पडला, आणि दुसऱ्याच दिवशी दोन शिपाई आस्टाला न्यायला आले.

"मी आहे ना तिचं करायला," केम्परच्या पत्नी, फ्राऊ केम्पर म्हणाल्या.

"कुत्री सरकारी आहे, बाई. तुम्ही नाही," असं म्हणत एकाने साखळी ओढली.

श्यामकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण परका देश म्हणून तो गप्प राहिला.

पाचव्या दिवशी तोच शिपाई परत आला. आस्टा अन्नाला शिवत नव्हती. ती घरी काय खाते, हे त्याला विचारायचं होतं.

या वेळी श्यामकांत दारात आडवा उभा राहिला. "सात वर्षं यांनी तिला खाऊ घातलं. यांना विचारावं, हे सुचायला तुम्हाला पाच दिवस लागले? तिला आधी इथे आणा."

संध्याकाळी आस्टा घरी आली. फ्राऊ केम्परनी तिच्यापुढे हाडांच्या रश्शात शिजवलेली ओटची पेज ठेवली. ती खात होती तोवर शिपाई दारातच ताटकळला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.