ओटीसाठी

दवाखान्याची इमारत उभी राहिली तेव्हा तिला पुढे सहा खांब होते आणि बाळंतिणीची खोली नव्हती.

भानुमतीबाई दोनदा आतून फिरून आल्या. औषधांची खोली होती, डॉक्टरांची होती, आरोग्य मंडळाच्या सभेची तर चांगली ऐसपैस होती. दर्शनी बाजूला घडीव दगडाची लांबरुंद ओटी, सीपरी बाजारातून येणाऱ्या टांगेवाल्यालाही दुरून दिसावी अशी. पण ज्या खोलीसाठी त्या दोन वर्षं झाशीभर हिंडल्या, ती खोली कुठेच नव्हती.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या रेल्वे क्वार्टरातली लीला कोळशाच्या खोपटात बाळंत झाली होती. विटाळ घरात नको, म्हणून खोपटात. खिडकी नाही, कंदिलावर काजळी. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसलेला कुणाला दिसलाच नाही. दिसला तेव्हा बाळ निळं पडलं होतं. लीला रडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, उजेड असता तर?"

त्या एका प्रश्नापायी भानुमतीबाईंनी पदर पसरला. निधी, वर्गणी हे शब्द बायकांच्या तोंडी नव्हते. ओटी भरा, म्हटलं की कळत होतं. दारात उभं राहून त्या गायच्या:

पदर पसरिते सखे, भर माझी ओटी
खिडकीची खोली बांधू येणाऱ्या बाळासाठी

"अगं बाई, या वयात ओटी? तुमच्या गार्डसाहेबांना कळवलंत का?" बायका हसायच्या, आणि तांदळांबरोबर आणा-दोन आणे, कुणी मोडकी नथसुद्धा पदरात घालायच्या. नगरा वस्तीतल्या बुंदेली बाया विचारायच्या, "काए बाई, की की गोद भर रईं?" कुणाची ओटी ते कळलं की तांदळाऐवजी ओंजळभर गहू घालायच्या. बरोबर शहरातल्या जुन्या घरच्या गोदूबाई असत. त्या बालविधवा, ओटीला हात लावायचा नाही. म्हणून दोन पावलं मागे उभ्या राहून नावं लिहायच्या आणि यादीच्या डोक्यावर दरवेळी सुबक अक्षरात घालायच्या, 'ओटीसाठी'.

मंडळाचे चिटणीस अनंतराव. गोदूबाईंचे भाचेच. सोमवारी भानुमतीबाईंनी त्यांना त्या नव्या खांबांपाशीच गाठलं.

"अनंतराव, आमची खोली?"

"कोणती खोली, वहिनी? बायकांचा सगळा पैसा जिथल्या तिथे लागलाय बघा." त्यांनी कौतुकाने खांबावर थाप मारली. "आत्याची यादी आहे माझ्याकडे. 'ओटीसाठी'. म्हटलं, बायकांची हौस आहे, तर ओटी दणकट होऊ दे. गुरुवारी साहेब उद्घाटनाला येतायत. त्यांच्या खुर्च्या इथेच मांडायच्या."

भानुमतीबाईंना क्षणभर वाटलं, हा थट्टा करतोय. पण चेहरा अगदी निष्पाप होता, आणि त्या निष्पापपणानेच त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, ती ओटी ही ओटी नव्हे! पोटुशीची भरतात ती. तुमच्या आईची भरली होती, म्हणून तुम्ही आज इथे खांबांवर थापा मारताय!"

अनंतराव आधी गोरेमोरे झाले. मग हसले. "बरं, चूक झाली. आता काय, पाडू? खोली पुढच्या साली बघू. तोवर मागची कोठी आहे की."

"तिला खिडकी नाही."

"बाळंतपणाला खिडकी कशाला हवी, वहिनी? दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न."

लीलाला पुन्हा आठवा महिना सरत आला होता.

त्या रात्री गोदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अक्षर माझंच," एवढंच म्हणाल्या. पहाटे दोघी मिस्त्रीच्या दारात. कुंपणाच्या भिंतीसाठी आणलेल्या विटा दवाखान्याच्या अंगणात रचलेल्याच होत्या. ओटीचं पूर्वेचं टोक भिंत बांधून खोलीसारखं बंद करायचं, मधे खिडकीपुरती जागा सोडायची. भानुमतीबाईंनी पायाच्या अंगठ्याने धुळीत आखून दाखवलं.

मिस्त्री डोकं खाजवत राहिला. "चिटनीस साहब नाराज हो जाएँगे, बाईजी. हमाई मजूरी अटक जैहे."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "हमने गोद में गेहूँ डारे ते, खंभन में नईं! उठो!"

मिस्त्री उठला.

विटा उचलायला भानुमतीबाई वाकल्या. गोदूबाईंनी त्यांचा हात धरला. "थांब. पहिली मला दे." जन्मात कुणी त्यांना ओटी भरू दिली नव्हती. त्यांनी वीट दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली, नारळ ठेवावा तशी अलगद ओटीवर ठेवली. मग क्वार्टरांतल्या बायका आल्या, नगऱ्यातल्या आल्या, आणि हातोहात विटा सरकू लागल्या. लीलाला त्यांनी एका पाटावर बसवून ठेवलं होतं. "तू फक्त खिडकी केवढी हवी ते सांग." ती हातांनी दाखवत होती आणि दरवेळी थोडी मोठीच दाखवत होती.

भिंत कमरेएवढी आली तेव्हा अनंतराव सायकल टाकून धावत आले.

"आत्या! तुम्ही विटांना हात लावताय? काय चाललंय काय हे?"

गोदूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "दिसत नाही? ओटी भरतोय."

"अहो, पण परवा साहेब येणार! माणसं येणार! त्यांना बसवू कुठे?"

भानुमतीबाईंनी कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"मागच्या कोठीत बसवा," त्या म्हणाल्या. "दोन-तीन तासांचा तर प्रश्न."

आणि पुढची वीट त्यांनी अनंतरावांच्याच हातात दिली.