खिंडीपुढचा आवाज

त्या छोट्या विमानतळावर नियंत्रण मनोरा नव्हता. प्रत्येक वैमानिकाने आपला ठावठिकाणा रेडिओवर सांगायचा आणि इतरांनी तो ऐकायचा, एवढीच तिथली रीत. मायदेशाचा खासगी वैमानिक परवाना घेऊन सुट्टीवर आलेल्या भूगोलाच्या शिक्षकाला ती फार आवडली. आदल्या दिवशी तिथल्या फ्लाइंग क्लबच्या प्रशिक्षकाने त्याला तासभर विमान उडवायला लावून पारखले, परवान्याला मान्यतेचा कागद जोडला आणि बजावले, "तळ्याकडे जाताना खिंड तीन हजार फुटांवरून ओलांडा. त्याखाली नाही."

"घरी स्कूटर काढताना तीनदा किल्ली विसरता," पट्टा आवळत बायको म्हणाली, "आणि इथे चक्क दुसऱ्याचं विमान! संध्याकाळी फोन करीन म्हणून लेकीला कबूल केलंय. मावशीकडे वाट बघत बसेल ती."

"सहापर्यंत परत. शब्द माझा."

त्याने उंचीचा काटा लावला. धावपट्टी समुद्रसपाटीपासून चौदाशे फुटांवर, म्हणून काटा चौदाशेवर. मायदेशी तो असाच लावत आला होता. हात सवयीने चालला.

पुढे दरी अरुंद होत गेली. ऊन थेट डोळ्यांवर, हवा धुरकट, डोंगर म्हणजे नुसत्या सावल्या. काटा तीन हजारांवर स्थिर होता. ठावठिकाणा सांगावा म्हणून त्याने रेडिओच्या बटणाकडे बोट नेले, तोच हेडफोनमध्ये त्यांच्याच विमानाचा क्रमांक उमटला. "खिंडीच्या तोंडाशी. तीन हजार फूट."

"जरा हळू बोला की, कान बसले माझे."

"मी बोललोच नाही."

बायको हसली, मग त्याच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत राहिली. आवाज त्याचाच होता. 'हजार' म्हणताना 'जा' लांबवायची त्याची खोडसुद्धा त्यात होती.

"खिंडीत शिरतो आहे," तो आवाज म्हणाला. काही क्षण नुसती खरखर. मग घाईघाईने, "झाडं इतकी वर कशी—"

पुढे काहीच नाही.

शिक्षकाने विमान डावीकडे वळवले. पंखाखालून झाडांचे शेंडे सरकले, एकेक फांदी मोजता येईल इतक्या जवळून.

"अहो," बायको म्हणाली, "काल मी मागे बसले होते ना? निघताना हा काटा शून्यावर होता. प्रशिक्षकांनीच लावला होता."

त्याने विमान वर चढवायला घेतले. म्हणजे इथली मंडळी धावपट्टीवर काटा शून्य करून निघत. प्रशिक्षकाचे तीन हजार धावपट्टीपासूनचे होते. या काट्यावर ते चार हजार चारशे भरले असते.

तळ्याचा नाद सोडून ते परतले. क्लबच्या नोंदवहीपाशी बसणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या, फोन हातात घट्ट धरून.

"तुम्ही खिंडीत शिरलात. झाडं म्हणालात, आणि बंद. मी शोधपथकाचा नंबर फिरवत होते."

"दुसरं कुठलं विमान होतं का?"

"आज एकच गेलंय. तुमचं."

त्याने परतीची वेळ लिहायला पेन उचलले. टेबलावरचा रेडिओ खरखरला, आणि त्यातून बायकोचा आवाज आला, दुरून, शांतपणे. "अहो, काल निघताना हा काटा शून्यावर होता ना?"

बायकोने पुढे होऊन रेडिओचे बटण दाबले. आजारी बहिणीशी बोलावे तशी ती म्हणाली, "अगं, आम्ही उतरलो. लेकीला फोन मी करते."