पूजेतून उठलेलं हेल्मेट

जे. सी. रोडवर येसाजीरावांचं सीट कव्हरचं दुकान होतं. स्कूटरच्या, मोटारसायकलच्या फाटक्या सीटा यायच्या आणि नवं रेक्झिन लेवून जायच्या. घराणं तीन पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. पण खंडेनवमीचे नियम मात्र कडक. त्या दिवशी कात्री, दाभण, शिलाई मशीन सगळं धुऊनपुसून पूजेला बसायचं, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. येसाजीराव एरवी लोण्यासारखे मऊ, पण या बाबतीत जमदग्नी.

शहाण्णव साली पूजेत एक नवी वस्तू आली. धाकट्या वेणुगोपालचं हेल्मेट. वेणू एकोणीस वर्षांचा, मोटारसायकल हातात येऊन तीन महिने झालेले, त्यामुळे स्वारीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. हेल्मेट आणून दिलं होतं थोरल्या बहिणीनं, प्रमोदिनीनं. ती सरकारी कारखान्यात नोकरीला, आणि तिथल्या सुरक्षा सप्ताहात नाही नाही ते ऐकून आलेली. स्वतः मोपेडवर हेल्मेट घालायची आणि गल्लीभर चेष्टा सोसायची. वेणूनं मात्र आपलं हेल्मेट डोक्यावर कमी आणि आरशावर जास्त वागवलं. पूजेच्या सकाळी त्यानं ते आपण होऊन कात्रीशेजारी मांडलं, तेव्हाच प्रमोदिनी काय ते समजली. एकदा बसलं की उद्यापर्यंत सुटका!

पूजा झाली. येसाजीरावांनी कुंकू भरलेला कोहळा दुकानावरून, वेणूच्या गाडीवरून ओवाळला आणि भर रस्त्यात आपटला. रस्त्यावर जिकडेतिकडे, दुकानागणिक, असाच लाल राडा. तो त्या दिवशी झाडायचा नाही. झाडला तर काढलेली दृष्ट परत येते म्हणे. मग चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडून गाडीनं देवळापर्यंत एक फेरी मारायची, पूजेच्या दिवशी एवढीच काय ती सूट.

वेणूनं किक मारली. तेवढ्यात प्रमोदिनी आत गेली आणि देवीपुढचं हेल्मेट उचलून घेऊन आली.

येसाजीरावांचा पारा चढला. लेकीला चारचौघांत कधी बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी बोलले. पूजेतली वस्तू उठवतेस, अवदसा आठवली का, असं काय काय.

"अण्णा, गाडीपण पूजेतलीच ना?" ती शांतपणे म्हणाली. "ती उठते, मग हे का नाही?"

येसाजीरावांना जास्तच राग आला आणि ते पाठ फिरवून उभे राहिले. तिनं हळदकुंकवासकट ते हेल्मेट भावाच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. भर रस्त्यात अक्काशी हुज्जत नको म्हणून वेणूनं निमूट ऐकलं.

दहा मिनिटांत तो परतला. आजूबाजूची पोरं बघताहेत म्हटल्यावर वेग काय विचारता! दुकानापुढे करकचून ब्रेक दाबला, तो नेमका बापानं फोडलेल्या कोहळ्यावर. गाडी एकीकडे, वेणू दुसरीकडे. फुटपाथच्या दगडावर डोकं आपटल्याचा आवाज झाला. तीस वर्षं येसाजीराव कोहळे फोडत होते. आवाज तसाच होता.

वेणू निपचित पडलेला आणि हेल्मेट लालभडक. त्याची मान कुणी हलवू नका, म्हणून प्रमोदिनी सगळ्यांना मागे सारत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग वेणूनं डोळे उघडले.

"अण्णा, स्वल्प लागलंय," तो पुटपुटला. "गाडी बरी आहे का?"

लाल होतं ते कुंकू आणि कोहळ्याचं पाणी. दवाखान्यात सगळं तपासून झालं. मनगट मोडलं होतं; डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी येसाजीराव हेल्मेट मांडीवर घेऊन दुकानात बसले. उजव्या कानापासून थेट टाळूपर्यंत तडा गेला होता. तान्ह्या वेणूच्या टाळूवर ज्या तळहातानं ते तेल जिरवायचे, तोच तळहात त्यांनी त्या तड्यावरून फिरवला. केवढीशी ती वस्तू, बोटभर जाडीची, आणि पोराचं मरण तिनं आपल्या अंगावर घेतलं! आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली होती, पण असे थक्क ते कधी झाले नव्हते. नकळत हात जोडले गेले.

मग ते उठले आणि बादली, खराटा घेऊन रस्त्यावर उतरले. आधी आपला कोहळा झाडला, मग शेजारच्यांचे. अहो, दृष्ट परत येईल, असं लोक बजावत राहिले.

"आली तर माझ्याकडे येऊ दे," ते म्हणाले. "पोरं नीट घरी पोचू देत."

ते हेल्मेट पुन्हा कुणी घातलं नाही. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट घालायचं नसतं, असं प्रमोदिनीनं सांगितलं. ते दरवर्षी पूजेत बसतं, देवीच्या अगदी जवळ. कोहळा आता दुकानामागच्या मोकळ्या जागेत फुटतो. वेणूचं नवं हेल्मेटही पूजेला असतं, पण आरती झाली की येसाजीराव स्वतः ते उचलतात आणि लेकाच्या डोक्यावर घालतात. पट्टा आवळून ते अजून दोनदा ओढून बघतात, आणि तोवर वेणू हनुवटी वर करून उभा राहतो.