सव्वा फेरा

"अहो, दादा विचारतोय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा म्हणाला. त्याच्या गावच्या गोदामातली ती नोकरी तो तुमच्यासाठी किती दिवस अडवून धरणार?"

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून तो पंपाचा शाफ्ट फिरवत होता. पट्ट्याचा पाना लावायचा, एक पूर्ण फेरा द्यायचा आणि वर पाव. टोकावरची पांढरी खूण वरून उजवीकडे आली की पुढचा पंप. दर सोमवारी. जड शाफ्ट एकाच अंगावर पडून राहिला तर बेअरिंग वाया जातात, म्हणून बंद पडलेल्या कामावरही हे करावंच लागतं. यावरून सगळे त्याला सव्वाशेठ म्हणत. आता म्हणायला दोन पहारेकरी उरले होते.

"संध्याकाळ व्हायचीय अजून," तो म्हणाला.

"दीड वर्ष झालं, तुमची संध्याकाळ व्हायचीच आहे," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

जहाजातून गॅस उतरवून घेण्याचं टर्मिनल अर्धं उभं राहिलं आणि गॅसचा भाव कोसळला. मालकांनी हात आखडता घेतला. वेल्डर गेले, क्रेन गेल्या, मोठ्या टाकीचं छप्पर राहून गेलं. शेडमधले पंप, ते राखणारा हा फिटर आणि पहारेकरी तेवढे मागे राहिले. जेवताना त्याचं लक्ष ताटात कमी आणि टीव्हीच्या खालच्या पट्टीत जास्त असे. दोन महिन्यांपासून भाव चढत होता. त्याच दोन महिन्यांत बायकोने निम्मं घर खोक्यांत भरलं होतं.

दुपारी मॅनेजरसाहेबांची गाडी आली. ते कित्येक महिन्यांत फिरकले नव्हते. सोबत एक इंजिनीअरबाई होत्या. त्यांनी पाना न मागता नुसत्या हाताने शाफ्ट फिरवून पाहिला.

"वा! लोण्यासारखा फिरतोय. लगेच चालू होतील?"

"पाइप जोडा, वीज द्या. हे पंप अडवणार नाहीत."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला राहवेना. शेडच्या मागे जाऊन त्याने घरी फोन लावला.

"दादांना नाही म्हणून सांग. काम सुरू होतंय."

"नक्की? कोणी सांगितलं?"

"पंप बघायला आलेत. भाव वाढलाय. आणखी कोणी सांगायला हवं?"

ती म्हणाली, "भांडी काढू का खोक्यांतून?"

"काढ."

तो परत आला तेव्हा बाई शेडच्या दाराला टेप लावून रुंदी मोजत होत्या. "ट्रेलर मागून लागेल ना?"

"ट्रेलर कशाला?" त्याने साहेबांना विचारलं.

"यांनी घेतलेत पंप. यांचं टर्मिनल पलीकडच्या किनाऱ्यावर होतंय. भाव चढला, सगळ्यांना घाई. नवे मागवले तर दोन वर्षं थांबावं लागतं."

"आणि आपलं काम?"

साहेबांनी छप्पर नसलेल्या टाकीकडे पाहिलं. "ज्याचं आधी उभं राहील त्याचा धंदा. आपण मागे पडलो. पण सव्वाशेठ, तुम्ही कमाल सांभाळलेत हं. नाहीतर भंगारात द्यावे लागले असते."

त्याने घरी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला, तर आधी तीच बोलली.

"दादाशीच बोलत होते. सांगितलं त्याला. दुसरा माणूस समोरच बसला होता, त्याला तिथल्या तिथे हो म्हणाला. सुटला बिचारा."

"बरं," तो म्हणाला.

बाई विचारत होत्या, "रस्त्यात काही काळजी घ्यायची?"

"घट्ट बांधा. पोचल्यावर आधी सव्वा फेरा द्या. खूण आता उजवीकडे आहे, तेव्हा खाली आली पाहिजे." त्याने पाना पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "असू द्या. माझाच आहे."

घरी फळी भरली होती. डबे उंचीप्रमाणे लागले होते, पेले पालथे घातले होते. बायको स्टुलावर उभी राहून वरचा कप्पा पुसत होती.

"मग? कधीपासून सुरू?" तिने वळूनही न पाहता विचारलं. आवाजात सकाळची धार नव्हती.

त्याने बूट काढले. एकात एक मोजे खोचले. दाराशी जोडीने नीट लावले.

"ती खोकी," तो म्हणाला, "टाकली नाहीस ना?"