पहिल्या शब्दाला होकार

जुन्या फर्निचरच्या दुकानदाराला गल्लीत सगळे ‘शेवटचं-बोला’ म्हणत. तीस वर्षांत त्याने पहिल्या भावाला काही विकलं नव्हतं, की घेतलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरशीसुद्धा त्याने घासाघीस केली होती, तीही तोंडात कापसाचा बोळा असताना.

क्रेडिट कार्डापुढे मात्र हा माणूस मुका झाला. छापील आकड्याशी हुज्जत कशी घालायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कर्ज दोन लाख चाळीस हजारांवर गेलं, हप्ते थांबले, तेव्हा बँकेनेच फोन करून सुचवलं: एकरकमी काहीतरी भरा, उरलेलं सोडून देऊ.

घरात पंचाण्णव हजार होते. त्यावर लागले, तर विकण्याजोगी एकच वस्तू होती, दारातला टेम्पो. तो गेला की अर्धा धंदा गेला.

“पंचाण्णवच्या आत बसवा,” बायको म्हणाली. “आणि अहो, बसलं की गप्प बसा.”

त्याने फोन स्पीकरवर टाकला. घसा खाकरला. “मॅडम, आमची परिस्थिती बघा. नव्वद हजार. वर एक पैसा नाही.”

हा आकडा त्याने नुसता पाणी जोखायला टाकला होता.

“चालेल सर,” पलीकडची मुलगी म्हणाली. “आज सहापर्यंत भरा, मी पत्र पाठवते.”

शेवटचं-बोलाचा चेहरा उतरला. “तुम्ही काहीच म्हणणार नाही?”

“काय म्हणू सर?”

“म्हणजे, परवडत नाही, साहेबांना विचारते, असं काही.”

“विचारलंय सर. आज तिमाहीचा शेवटचा दिवस आहे, फाइल बंद करायचीय.”

“उद्या कळवतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

बायको बघतच राहिली. “अहो, हो म्हणाली ना ती?”

“तेच तर. इतक्या पटकन? साठलासुद्धा सुटलं असतं. फसलो मी.”

“आपल्याकडे पंचाण्णव आहेत.”

“प्रश्न पैशाचा नाही गं,” दोन लाख चाळीस हजारांचा देणेकरी म्हणाला. “बघ, तिचाच फोन येईल. गिऱ्हाईक पायरी उतरलं की दुकानदार हाक मारतोच.”

सहा वाजले. हाक आली नाही.

सकाळी त्यानेच फोन लावला. या वेळी एक गृहस्थ होते, आवाज निवलेल्या चहासारखा. “ती सवलत काल संपली सर. आता एक लाख साठ.”

आणि काय सांगावं, शेवटचं-बोलाच्या अंगात जीव आला. आता कसं, माणसासारखं बोलणं सुरू झालं. त्याने गुडघेदुखी काढली, मंदी काढली, दोनदा रागाने फोन आपटला आणि दोन्ही वेळा आपणच परत लावला. अडीच तासांनी सौदा एक लाख पस्तीसला पटला.

“पंचवीस हजार उतरवले,” घाम पुसत त्याने बायकोला सांगितलं.

तिने जुन्या बिलाच्या पाठीवर वजाबाकी केली, कागद त्याच्यापुढे ठेवला आणि टेम्पो धुवायला बाहेर गेली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. टायरला लाथ मारून बघितली, दार दोनदा उघडलं-मिटलं.

“पंचेचाळीस,” बायको म्हणाली.

“चालेल.”

शेवटचं-बोला स्टुलावरून धडपडत उठला. “थांबा हो, जरा विचार करून—”

तोवर किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात गेली होती, आणि बायकोच्या नोटा मोजून झाल्या होत्या.