केबाचे कान आणि तेनिंगची घंटी

मी बोलतेय, तेनिंगच्या सायकलची घंटी. दचकू नका, रस्त्यातून बाजूलाही होऊ नका. सायकल केव्हाच भंगारात गेली. मी मात्र आहे. न्यीमाच्या स्वयंपाकाच्या खोपीत, कुडाच्या खिळ्याला, कांद्याच्या जुडीशेजारी टांगलेली. अंगावरची चकाकी उडालीय, एका बाजूला पोचा आलाय. आवाज मात्र अजून खणखणीत आहे, बरं का!

जन्म कुठला म्हणाल तर कुठल्याशा लांबच्या कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही नि आठवावं असं काही नव्हतंही. बोटीत बसले, बांजुलच्या बाजारात उतरले आणि तिथं मला लातिरनं घेतलं. लातिर मासे विकायचा. उंच, काळाभोर गडी, हसला की दाढा दिसायच्या. त्यानं मला सायकलीच्या मुठीशेजारी घट्ट आवळलं आणि गांबिया नदीच्या काठाकाठानं घेऊन आला तो थेट या गावात.

या गावात तेनिंग होती. तेव्हा म्हातारी नव्हती हो. विहिरीवर पाणी ओढायची नि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायची. लातिर तिच्यासमोरून जाताना मला उगाचच वाजवायचा. टिंग टिंग, टिंग टिंग. रस्त्यात चिटपाखरू नसायचं, तरी.

"काय रे मासेवाल्या," ती एकदा म्हणाली, "घंटी अडकलीय का तुझी? थांबतच नाही ती!"

दुसऱ्या दिवशी माझी वरची वाटी गायब. नुसती स्प्रिंग घेऊन मी बसलेली, लाजेनं मेले होते. लातिर तिच्या दारात हजर.

"माझी वाटी दे."

"लग्न केलंस तर देते."

असं त्यांचं लग्न जमलं. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मी तिथं होते. निम्मी तरी होते.

काय दिवस होते ते! उजाडायच्या आत मागं माशांची टोपली, पुढं मी. मी वाजले की घराघरांतून बायका ताटल्या घेऊन बाहेर. माझ्या आवाजाला तेव्हा खारवलेल्या माशांचा वास होता. पुढं लातिर गेला. लोक म्हणाले, आता सायकल विकून टाक. तेनिंगनं लुगडं आवळलं आणि त्या वयात सायकल शिकली. दोनदा नाल्यात पडली. दोन्ही वेळा उठून आधी नाल्यालाच शिव्या घातल्या.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्याकडं मत देतात ते गोटीनं. काचेची गोटी. पडद्याआड उमेदवारांच्या रंगांची पिंपं असतात. ज्याला निवडायचं त्याच्या पिंपात गोटी टाकायची. आत एक घंटी असते, ती एकदाच वाजते, टिंग. दोनदा वाजली तर बाहेरच्यांना कळतं की कुणीतरी लबाडी केली. म्हणून मतदानाच्या दिवशी शाळेत पिंपं मांडली की तिथं जवळपास सायकल आणायची नाही. का? माझ्यामुळं! माझा आवाज त्या घंटीसारखाच ना. शिपाई हटकतात, बंदुकीला भीत नसतील इतके मला भितात. मला तो मानच वाटायचा. दर निवडणुकीला तेनिंग मला घरी ठेवून जायची आणि मी दारात बसून शाळेकडून येणारी टिंग टिंग ऐकायची. वाटायचं, माझ्या बहिणी बोलतायत.

त्या वर्षी नारिंगी नि आकाशी असे दोघं राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. नारिंगी बरीच वर्षं खुर्चीत. सगळे म्हणत होते, नारिंगी डोळे झाकून येणार. आमच्या गावचा आल्कालो, म्हणजे आपला पाटील, केबा बाजी, तो तर शहरात सांगून आला होता, "आमच्या गावात आकाशी औषधालाही सापडणार नाही."

केबा वाईट नव्हता. भांडणं सोडवायचा, मयताला खांदा द्यायचा. पण त्याचा एक ताठा होता. माझ्या गावचं मन मला ठाऊक, म्हणायचा.

न्यीमा त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ आजारी पडला तेव्हा त्याला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि नदीवरची फेरीबोट बंद होती. कधीची बंदच होती, दर निवडणुकीला दुरुस्त व्हायची ती नुसती भाषणात. काठावरच गेला तो, न्यीमाच्या मांडीवर. तेव्हापासून न्यीमाला नारिंगी रंग दिसला की ती मान फिरवायची. पण बोलणार कशी? ती राहायची केबाच्या वाड्यात नि भाताचं खाचर करायची तेही केबाच्याच शब्दावर. केबा तिच्यासमोर बोलून गेला होता, "माझ्या घरात राहून कुणी आकाशीत गोटी टाकली, तर पुढच्या पेरणीला तिनं दुसरं खाचर बघावं."

तर निवडणुकीच्या आधी रेडिओवाले आले, कल बघायला. नदीकाठचं एकेक गाव घेत चालले होते. त्यांच्यातला उसैनू नावाचा चष्मेवाला पोरगा. त्यानं खऱ्यासारखंच सगळं केलं. झाडाखालच्या बैठकीच्या ओट्यामागं चादर बांधली, मागं दोन डबे ठेवले, आत घंट्या लावल्या. पण डबे सारखे मिळाले नाहीत. नारिंगी लावला तो टोमॅटोचा डबा, आकाशी लावला तो दूधपावडरीचा. एक वाजायचा टिंग, दुसरा टण्ण.

केबा चादरीला पाठ लावूनच बसला. हातात जपमाळ. टिंग झालं की मणी पुढं जायचा. टण्ण झालं की मणी थांबायचा आणि केबा वळून बघायचा, चादरीतून कोण बाहेर येतंय ते. असं एकदाच झालं. त्यानंतर नुसतं टिंग, टिंग, टिंग.

तेवढ्यात तेनिंग सायकल ढकलत आली. तिनं मणी बघितला, केबाची मान बघितली, रांगेत उभी न्यीमा बघितली. न्यीमा मुठीत गोटी धरून मागच्यांना पुढं जाऊ देत होती.

तेनिंगनं सायकल केबाच्या उजव्या कानाशी आणून उभी केली आणि मला वाजवायला घेतलं.

"अगं ए म्हातारे! कान फुटतील माझे!"

"फुटू देत रे भातखाऊ. गुलामाला कान कशाला हवेत? हाक मारली की यायचं, बस्स!"

ओट्यावर हशा. बाहेरच्या कुणी पाटलाला असं म्हटलं असतं तर गावाबाहेर गेला असता. पण तेनिंग सेरेर जमातीची, केबा जोला जमातीचा. सेरेर नि जोला यांचं थट्टेचं नातं आहे, वाडवडलांपासूनचं. एकानं दुसऱ्याला गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, ताटातलं उचलून खायचं, आणि दुसऱ्यानं रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच छी थू.

"मासेचोर कुठली! थांबव ती घंटी!"

"थांबवते की. माझा मालक झालास की थांबवते."

आणि तिनं अंगठा काढलाच नाही. न्यीमा आत गेली, बाहेर आली. आत काय वाजलं ते मला सुद्धा ऐकू आलं नाही, मीच बोंबलत होते ना! तिच्यामागून सगळी रांग गेली. केबाची जपमाळ मांडीवर तशीच पडलेली.

संध्याकाळी उसैनूनं डबे उघडले, गोट्या ओतल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. चष्मा काढून पुसला. नारिंगी नि आकाशी जवळजवळ बरोबरीत!

केबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तेनिंगच्या पोटात गोष्ट राहते होय? मासळीबाजारात तिनं सगळ्या बायकांना सांगितलं. पुढच्या गावात सायकल नव्हती, तर बायकांनी चादरीशेजारी उखळं मांडली आणि धपाधप कुटायला लागल्या. त्याच्या पुढच्या गावात सगळ्या पोरांना एकदम ढोल वाजवायची हौस आली. आणि रेडिओ आठवड्या आठवड्याला सांगू लागला, अंतर कमी झालं, आणखी कमी झालं, कुणाला वाटलं नव्हतं एवढी चुरशीची लढत आहे. शहरातले शहाणे रेडिओवर बसून कारणं सांगायचे. एक म्हणाला तांदळाचा भाव. एक म्हणाला तरुण पोरं. एकाचं तर मला अक्षर कळलं नाही, पण तो फार वेळ बोलला. तेनिंग मासे साफ करता करता ऐकायची आणि हसून हसून तिच्या हातातला मासा सुटायचा. तांदूळ महाग होता, ते खरंच. फेरीबोट बंद होती, तेही खरं. लोकांच्या मनात होतंच सगळं. आम्ही फक्त मधले कान बुजवले.

शहरातून नारिंगीची माणसं केबाकडं आली. काय बोलली ठाऊक नाही, पण ती गेल्यावर केबा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "खऱ्या मतदानाला सायकल चालत नाही. उखळही चालत नाही. मी शाळेसमोर आंब्याखाली बसणार. कुठलं पिंप वाजलं, हे माझ्या कानांना तिथूनही कळतं."

न्यीमा धावत तेनिंगकडं आली.

"आजी, उद्या मतदानाला घंटी नसणार. मी काय करू?"

"अगं, ती पिंपं सरकारी असतात. सगळी एकसारखी वाजतात."

"मोठे भावजी म्हणतात, त्यांना ओळखू येतात."

"त्याला कालचं कालवण ओळखू येत नाही!"

पण न्यीमा हसली नाही. "पोरांना काय खायला घालू, आजी?" एवढंच म्हणाली.

तेनिंगनं हातातला मासा खाली ठेवला. मग उठली, पाना घेतला आणि मला सायकलीवरून सोडवलं. किती वर्षांनी! अंग एकदम हलकं वाटलं नि भीतीही वाटली.

संध्याकाळच्या चहाला सगळं गाव ओट्यावर. तेनिंग पदराखाली मला घेऊन पोचली.

"ए गुलामा, पैज लावतोस? मी पदराखाली दोन घंट्या आणल्यात. एक नारिंगी, एक आकाशी. वाजवते, तू ओळख. ओळखलंस तर जन्मभर तुला फुकट मासे."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर न्यीमाच्या खाचराचं नाव काढायचं नाही. कधीच."

सगळे केबाकडं बघायला लागले. केबानं दाढीवरून हात फिरवला. "वाजव. मासे चांगले आण मात्र, डोळे लाल झालेले नकोत."

तेनिंगनं वाजवली. टिंग.

केबानं डोळे मिटले. "नारिंगी."

टिंग.

"ही आकाशी. बघा, जरा पातळ आवाज आहे."

टिंग.

"पुन्हा आकाशी! अगदी नक्की. हे शिकवून येत नाही, उपजत असतं." शेजारचे म्हातारे माना डोलवत होते. ते म्हणाले, हो, हो, पातळच आहे.

तेनिंग वाजवत राहिली, तो सांगत राहिला. आणि मग तिनं पदर काढला.

ओट्यावर मी. एकटी मी. पोचा आलेली, मासळीचा वास मारणारी.

मग आवाज आला, बारीक, दाबून धरलेला. न्यीमा हसत होती. तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नवरा गेल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तिच्यामागं सगळं गाव फुटलं.

केबा माझ्याकडं बघत राहिला. रागवावं तर सेरेरवर रागवता येत नाही. आणि खरं सांगू, न्यीमाला हसताना बघून त्याचाही चेहरा सैल पडला. धाकटा भाऊ आठवला असेल.

"मासेचोर," तो म्हणाला, "खाचर तिचंच आहे. घे, चहा पी. साखर तुझीच चोरून आणलीय."

मतदानाच्या दिवशी मी चुलीशेजारी पडून होते. शाळेकडून आवाज येत होता. टिंग. थोडं थांबून, टिंग. न्यीमा पहाटेच गेली होती. तिची टिंग कुठली, ते काही मला कळलं नाही. मी स्वतः घंटी, मला कळलं नाही! केबा आंब्याखाली बसला होता म्हणे, पण पाठ शाळेकडं करून.

देशात कोण जिंकलं ते तुम्ही शहरातल्या शहाण्यांना विचारा. कुणीही जिंको, थोडक्यात जिंकलं. फेरीबोट मात्र सुरू झाली. ज्यांना वाटत होतं हे गाव खिशात आहे, त्यांनी खिसा चाचपून पाहिला असणार.

आता तेनिंग नाही. गेल्या पावसाळ्यानंतर गेली, दुपारची झोपली ती झोपलीच. सायकल गंजली होती, भंगारवाला घेऊन गेला. मला न्यीमानं ठेवून घेतलं. ऐकते की पुढं गोट्या जाऊन कागद येणार. कागद वाजत नाही. बरंच आहे म्हणा ते. पण दर निवडणुकीला दारात बसून बहिणींचे आवाज ऐकायचे दिवस सरले, याचं वाईट वाटतं.

तुमच्या घरी एखादी जुनी घंटी पडली असेल तर तिला एकदा तरी वाजवत जा. आम्हाला तेल नको, पॉलिश नको. कुणी वाजवलं की बरं वाटतं.

मला वाजवणारा एक आहे. तेनिंगच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, तेव्हा केबा काठी टेकत या खोपीत आला. म्हातारा झालाय, आता तर खरंच कमी ऐकू येतं. माझ्यासमोर उभा राहिला. अंगठ्यानं मला एकदा वाजवलं.

टिंग.

"नारिंगी," तो म्हणाला, आणि कुणीतरी त्याला गुलाम म्हणेल म्हणून कितीतरी वेळ वाट बघत उभा राहिला.